न्यायाधीश नेमायचा कोणी? ठाणे कोर्टापासून संविधान सभेपर्यंतचे बाबासाहेब

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर आपण १४ एप्रिलला जातो, ६ डिसेंबरला जातो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो, कळव्या-मुंब्र्याहून, कल्याण-डोंबिवलीहून आलेल्या ओळखीच्या माणसांना जय भीम करतो आणि लोकल पकडून परततो. नाक्याला कोर्टाचे नाव का, हे सांगायची गरज नाही. पण ठाण्याच्या न्यायालयात बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले होते, आणि त्यांच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या दाव्याचे अपील याच ठाण्यात चालले, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? त्या दाव्यात ते प्रतिवादी होते. दावा होता महाडच्या चवदार तळ्याचा.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. न्यायाधीशांच्या नेमणुका सरकारने कराव्यात की न्यायाधीशांनीच, हा वाद पुन्हा पुन्हा पेटतो. दर वेळी दोन्ही बाजू बाबासाहेबांचे नाव घेतात. सरकारची बाजू घेणारे म्हणतात, सरन्यायाधीशांच्या हाती सर्व अधिकार देण्यास बाबासाहेबांचा विरोध होता. न्यायवृंदाची, म्हणजे कॉलेजियमची, बाजू घेणारे म्हणतात, नेमणुकीत राजकारण शिरायला त्यांचा विरोध होता. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही अर्धे बोलतात. आपली मुले मोबाइलवर यातला जो अर्धा भाग पोचेल तो पुढे पाठवत राहतात. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र या एका बाजूने सांगावे असे आम्हाला वाटले. न्यायाधीश कसा नेमावा यावर संविधान सभेत बोलणारा हा माणूस त्याआधी अनेक वर्षे न्यायाधीशांसमोर उभा राहिला होता.

बॅरिस्टर होऊन बाबासाहेब लंडनहून परतले आणि जुलै १९२३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, अशी शिक्षणाची रास मागे होती, पण पक्षकार येत नव्हते. मोठी प्रकरणे सॉलिसिटर मंडळी देत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे फाइल पाठवायला त्यांचा हात धजत नसे. राहायला परळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. घर चालवायला त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, पुढे सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापकी केली आणि १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. वकिलीतला पैसा असा थेंबाथेंबाने आला.

याच ओढगस्तीच्या काळात त्यांना जिल्हा न्यायाधीशाची जागा देऊ करण्यात आली होती. पुढे काही वर्षांत उच्च न्यायालयात घेण्याची आशाही होती. बंगला, पगार, शिपाई, मान, सारे चालून आले होते. ते त्यांनी नाकारले, कारण सरकारी नोकरीत गेल्यावर समाजासाठी मोकळेपणाने बोलता येणार नव्हते. आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशाचे पद देणाऱ्याचा हात त्या पदावरच्या माणसाच्या खांद्यावर किती काळ राहतो, हे त्यांनी पुस्तकात वाचायच्या आधी स्वतःच्या आयुष्यात तोलून पाहिले होते.

ते लढले ती प्रकरणे पाहा. १९२६ मध्ये पुण्यातले ब्राह्मणेतर चळवळीचे कार्यकर्ते बागडे, जेधे आणि जवळकर यांच्यावर देशाचे दुश्मन या पुस्तकावरून बदनामीचा खटला झाला, त्यात ते बचावाला उभे राहिले आणि अपिलात शिक्षा रद्द झाली. १९३४ मध्ये समाजस्वास्थ्य मासिकाच्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांचे. तो खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. एका ठिकाणी न्यायाधीशाने ऐकले, दुसऱ्या ठिकाणी ऐकले नाही. कायद्याचे पुस्तक दोन्हीकडे एकच होते.

ठाण्याचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रग्रंथांत येतो. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन कमिशनसमोर त्यांची साक्ष होती. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मागणी ब्रिटिश संसदेच्या माणसांपुढे मांडण्याची ती संधी. पण त्याच वेळी ठाण्याच्या सत्र न्यायालयात एका गंभीर फौजदारी खटल्यात आरोपींची बाजू त्यांच्याकडे होती. पुण्याला गेले तर आरोपींच्या जिवाचे काय, आणि ठाण्यात थांबले तर समाजाचे काय? त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली की सरकारी वकिलांच्या आधी बचावाचे भाषण ऐकून घ्यावे. नेहमीचा क्रम मोडणारी ही विनंती मान्य झाली. भाषण करून ते पुण्याला गेले आणि बहुतेक आरोपी सुटले. न्यायाधीशाने क्रमावर बोट ठेवून नकार दिला असता तर त्यात बेकायदा काही नव्हते. समोरच्या वकिलाची अडचण समजून घेणारा माणूस त्या खुर्चीत होता, एवढाच काय तो फरक.

आता चवदार तळे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी त्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नंतरची दहा वर्षे मात्र आपल्या भाषणांत येत नाहीत. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला, तेव्हा १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, महाडच्या न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबरला हजारो माणसे महाडला जमली होती. मनुस्मृती जाळली गेली ती याच परिषदेत. लोक तुरुंगात जायला तयार होते, नावे नोंदवत होते. आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. न्यायालयाचा हुकूम आहे, तो मोडायचा नाही, दावा लढवून जिंकायचा, असे त्यांनी त्या तापलेल्या लोकांना समजावले. सरकारशी भांडण नव्हते, भांडण तळ्यावर हक्क सांगणाऱ्यांशी होते, आणि त्या भांडणात न्यायालय आपल्या विरोधात उभे करायचे नाही, हा त्यांचा हिशेब होता. तो निर्णय अनेकांना त्या दिवशी कडू लागला असणार. आजही काही तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, बाबासाहेब तेव्हा थांबले का? पुढची दहा वर्षे हे त्याचे उत्तर आहे.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. दावा चालू राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. वादी अपिलात ठाण्याला आले. ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले. वादी पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी तेही फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. दावा आपल्या गतीने महाड, ठाणे, मुंबई असा चालत होता.

तो जिंकला कशावर, हे नीट समजून घ्यायला हवे. वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वाद्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. माणसाला माणसाच्या पाण्यापासून दूर ठेवणारी वहिवाट मुळातच अन्यायाची आहे की नाही, या प्रश्नात उच्च न्यायालय शिरलेच नाही. वाद्यांकडे जुने कागद असते तर काय झाले असते, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. न्यायाधीश आडदांड नव्हते, पक्षपाती नव्हते, निकाल आपल्या बाजूने होता, तरीही तो एका पातळ दोरीवर उभा होता. ही दोरी जाड करण्याचे काम पुढे संविधानाच्या १७व्या कलमाने केले. पण कलम लिहिले तरी ते वाचून निकाल देणारा माणूस लागतोच, आणि तो कुठून येतो हा प्रश्न उरतोच.

त्या काळी तो कुठून येत असे? उच्च न्यायालयाचे न्यायाधीश इंग्लंडचा राजा नेमी. १९३५ च्या कायद्यापर्यंत ते राजाची मर्जी असेपर्यंतच पदावर असत. त्यांतले काही आयसीएस म्हणजे प्रशासनातून आलेले, ब्रूमफील्डही त्यांतलेच. खाली तालुक्याला तर मामलेदारच मॅजिस्ट्रेट. जो सारा वसूल करतो, जो गावच्या पाटलाशी रोज बसतो-उठतो, तोच गुन्ह्याचा न्याय करतो. महारवाड्यातल्या माणसाने तक्रार कुणाकडे न्यायची?

म्हणून संविधान सभेत न्यायपालिका कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे कलम मसुद्यात आणले ते बाबासाहेबांनी. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यावर चर्चा झाली आणि आज ते ५०वे कलम म्हणून संविधानात आहे. तीन वर्षांची मुदत आधी त्यात होती, ती नंतर गळली. ती राहायला हवी होती असे आम्हाला वाटते. मुंबई राज्याने मात्र १९५१ मध्येच त्यासाठी कायदा केला.

आता २४ मे १९४९. वरिष्ठ न्यायाधीशांच्या नेमणुकीचे कलम, मसुद्यात १०३वे, आजचे १२४वे, चर्चेला आले. याआधी बरेच पाणी वाहून गेले होते. १९४७ मध्ये एका तज्ज्ञ समितीने अकरा जणांचे मंडळ सुचवले होते. त्यात उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश, संसदेचे सदस्य आणि सरकारचे कायदा अधिकारी असावेत आणि त्यांतल्या सात जणांची नावाला संमती लागावी, अशी ती योजना. म्हणजे नेमणूक आयोगाची कल्पना २०१४ ची नाही, स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. ती मागे पडली. १९४८ मध्ये फेडरल कोर्टाच्या आणि उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांची परिषद झाली, तिने मागणी केली की सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊ नये. मसुद्यात होते ते एवढेच की राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी विचारविनिमय करावा आणि सरन्यायाधीशांना नेहमी विचारावे.

सभेत मद्रासचे बी. पोकर साहेब यांनी संमतीची दुरुस्ती मांडली. प्रा. के. टी. शाह यांना राज्यसभेचा सल्ला घेतला जावा असे वाटत होते. कुणाला संसदेची मंजुरी हवी होती. बाबासाहेबांनी सगळ्यांना एकत्र उत्तर दिले. इंग्लंडमध्ये राजाच्या नावाने सरकार हवा तो न्यायाधीश नेमते, त्याला कसलीच आडकाठी नाही, ते आपल्याला धोक्याचे. अमेरिकेत सिनेटची मंजुरी लागते, ती पद्धत किचकट, शिवाय राजकीय दबावाला वाट मोकळी करून देणारी. म्हणून मधला मार्ग, राष्ट्रपतींनी नेमावे पण जाणत्या न्यायाधीशांना विचारून. मग ते संमतीच्या मुद्द्यावर आले. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी अखेर माणूस आहे, त्याला भावना आहेत, पूर्वग्रह आहेत. राष्ट्रपतीला किंवा सरकारला जो नकाराधिकार आपण देत नाही, तो एका व्यक्तीला देणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे वाचताना आम्हाला ठाणे आणि महाड आठवते. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे भक्तिभावाने पाहण्याची चैन या वकिलाला कधीच परवडली नव्हती. त्याने चांगले न्यायाधीश पाहिले होते, वाईट पाहिले होते, चांगले असून चाकोरीबाहेर पाऊल न टाकणारेही पाहिले होते. सरकारचा अनुभव तर याहून वाईट. म्हणून किल्ली कुणा एकाच्या खिशात ठेवायची नाही. मंत्र्याच्या नाही, आणि न्यायमूर्तींच्याही नाही.

ही भीती पोकळ नव्हती हे लगेच दिसले. जानेवारी १९५० मध्ये, पहिले सरन्यायाधीश कानिया यांनी मद्रास उच्च न्यायालयातले बशीर अहमद सईद यांना कायम करण्याला हरकत घेतली. पंतप्रधान नेहरू इतके अस्वस्थ झाले की कानिया या पदाला योग्य आहेत का, असा प्रश्न त्यांनी सरदार पटेलांना केला. बशीर अहमद यांची नेमणूक झाली. सरन्यायाधीशांचा शब्द अंतिम असता तर ती झाली नसती. आणि दुसरी बाजू? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच वर्षांत, १९५८ मध्ये, सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या १४व्या अहवालात नोंदवले की न्यायाधीशांच्या नेमणुकांत राजकीय सोय, प्रांत आणि जात-धर्म यांचा विचार शिरला आहे. विचारविनिमय कागदावर राहू शकतो, हे तिथे दिसले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण तपशील कुठेही मिळतील. १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजित नाथ राय यांना सरन्यायाधीश केले. १९७७ मध्ये न्यायमूर्ती खन्नांना डावलले, कारण आणीबाणीत ते एकटे नागरिकाच्या बाजूने उभे राहिले होते. या जखमेतून १९९३ चा निकाल आला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारविनिमय या शब्दाचा अर्थ जवळपास संमती असाच लावला आणि न्यायवृंद जन्माला आला. २०१४ मध्ये संसदेने ९९वी घटनादुरुस्ती करून सहा जणांचा आयोग आणला, १६ ऑक्टोबर २०१५ ला न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. या वादांत २४ मे १९४९ च्या त्या भाषणाचा कीस पाडला गेला.

आमचे मत विचाराल तर, २०१४ च्या आयोगात कायदामंत्री बसणार होते आणि दोन सदस्य मिळून कोणतेही नाव अडवू शकत होते, हे आम्हाला पटणारे नव्हते. पण त्याच आयोगात दोन मान्यवर व्यक्तींपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांतली असावी अशी तरतूद होती. न्यायवृंदात अशी एकही लेखी हमी नाही. आयोग बुडाला तेव्हा त्याच्याबरोबर हेही बुडाले, आणि आपल्या संघटनांनी त्याबद्दल ब्र काढला नाही.

एका मुद्द्यावर मात्र आम्हाला बाबासाहेबांशी वाद घालावासा वाटतो. त्यांनीच आपल्याला तो घालायला शिकवले. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये, असे प्रा. शाह यांनी संविधान सभेत मांडले होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. न्यायालयापुढची बहुतेक प्रकरणे नागरिकांमधली असतात, सरकारचा त्यात संबंध क्वचितच असतो, त्यामुळे पदाच्या आशेने न्यायाधीश झुकण्याचा संभव कमी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो १९४९ च्या न्यायालयाला पाहून केलेला होता. आज सरकार हेच देशातले सर्वात मोठे पक्षकार आहे. १४व्या अहवालाने तेव्हाच अशी बंदी सुचवली होती. गंमत म्हणजे त्या आयोगाचे सदस्य असलेले मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला त्याच वर्षी राजदूत झाले. २०२० मध्ये रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत गेले. बाबासाहेब आज असते तर शाहांच्या दुरुस्तीकडे पुन्हा वळले असते असे आम्हाला वाटते. नेमणुकीच्या वेळचा राजकीय हस्तक्षेप आपण मोजतो, निवृत्तीच्या वेळचा मोजत नाही.

धम्माच्या बाजूनेही याकडे पाहता येते. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचा दाखला दिला होता. ठराव, गणपूर्ती, मतदान हे सारे विनयात आहे, हे त्यांनी सभेला सांगितले. त्याच विनयात मतदानाच्या शलाका वाटणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या भिक्खूची पात्रता दिली आहे. तो छंद, दोस, मोह आणि भय या चार अगतींनी जाणारा नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही हे जाणणारा असावा. त्याची निवड संघापुढे उघड ज्ञप्ती मांडून व्हायची. ज्याला हरकत असेल त्याने बोलावे, नसेल त्याने गप्प राहावे. न्यायवृंदाच्या बैठकीत कोण काय बोलले हे आपल्याला कळत नाही. एखादे नाव सरकार महिनोन् महिने दाबून ठेवते, त्याचेही कारण कळत नाही. २०२५ मध्ये एका राजकीय पक्षाच्या माजी प्रवक्त्यांचे नाव मुंबई उच्च न्यायालयासाठी आले, तेव्हा वाद झाला. त्या पात्र असतीलही. पण कोणत्या निकषावर, हे बाहेर सांगितले गेले असते तर वादाला जागाच कमी उरली असती.

आणि आता तो प्रश्न जो दोन्ही बाजू टाळतात. खुर्चीत बसणार कोण? कायदा मंत्रालयाने संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे २.८ टक्के, जमातींचे १.३ टक्के. सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा पहिला न्यायाधीश यायला १९८० उजाडले, ते न्यायमूर्ती वरदराजन. १४ मे २०२५ ला अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले, त्या पदावरचे पहिले बौद्ध. निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, असे त्यांनी आधीच जाहीर केले. आपण पेढे वाटले, बॅनर लावले, ते योग्यच होते.

पण त्याच आठवड्यात, २० मे २०२५ ला, त्यांच्याच पीठाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे. यामागचा हेतू आम्हाला समजतो. कोर्ट न पाहिलेला पोरगा न्यायाधीश होऊ नये. मात्र खालच्या न्यायालयांची ही परीक्षा आपल्याकडे लोकसेवा आयोग घेतो, तिथे आरक्षण आहे, आणि शिफारस, ओळख, घराणे यांवाचून आपली मुले-मुली न्यायाधीश होतात ती याच दाराने. कल्याणच्या किंवा उल्हासनगरच्या कोर्टात पहिल्या पिढीतल्या वकिलाला सिनियरकडून महिन्याला काय मिळते ते विचारा. अनेकांना प्रवासखर्च सुटला तरी पुरे. अंबरनाथच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या बापाने ही तीन वर्षे कशी काढायची? बाबासाहेबांची पहिली वर्षे बाटलीबॉयच्या वर्गात शिकवून निघाली. या मुलांसाठी आपल्या विहारांनी, जयंती मंडळांनी, बँक-रेल्वेतल्या कर्मचारी संघटनांनी काय केले आहे? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका होतकरू वकिलाचे किती महिने निघतील, हा हिशेब मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडून पाहावा.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, हिंदू कोड बिलावरून. नंतर प्रकृती ढासळत गेली, मधुमेहाने पाय आणि डोळे साथ देईनात. तरी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे काम थांबले नाही. १९५६ मध्ये, ज्या वर्षी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, त्याच वर्षी संस्थेने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. ते फोर्टमध्ये आहे, सीएसएमटीपासून चालत जाता येते. डोंबिवली, कल्याण, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून आपली मुले आजही तिथे वर्गाला जातात.